बंदूक घेऊन ये, काडतुसं घरीच ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बाबांच्या बंदुकीचा शेतीसंरक्षण परवाना तुझ्या नावावर झाल्याचं कळलं. गणपतीत भेटलास तेव्हा म्हणालास, "काका, जन्मापासून घरात बंदूक बघतोय, मला आता कोण काय शिकवणार?" खळ्यात चार माणसं होती म्हणून मी गप्प बसलो. पण ते बोलणं मनातून जात नाही.

तू बाबांना बंदूक खांद्याला लावताना पाहिलंस. रात्री रानातून परतल्यावर पडवीत पाय ठेवण्याआधी ते ती उघडायचे, काडतूस काढायचे, नळीतून आरपार उजेड बघायचे, तेव्हा तू झोपलेला असायचास. बंदूक सांभाळणं म्हणजे मुख्यतः तेच. बार काढणं त्यातलं सर्वांत सोपं काम.

मला हे कसं कळलं ते सांगतो. १९८६ साली बेळगावला लष्कराच्या मराठा सेंटरात प्रशिक्षण पुरं करून पहिल्या सुट्टीवर आलो होतो. आठवडेच्या आठवडे रिकामी रायफल हाताळून मग आम्हाला पहिली गोळी मिळाली होती. फायरिंग संपलं की उस्ताद 'जाँच शस्त्र' म्हणायचे आणि प्रत्येकाची रायफल रिकामी आहे का ते डोळ्यांनी बघायचे. एवढं शिकून आलेल्याला घरची एकनळी बाराबोर म्हणजे खेळणं वाटली. भात पोटरीला आलं होतं, डुकरं उतरत होती. रात्रभर बसलो, काही आलं नाही. घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारी मागची हातोडी, चढवलेला, आत काडतूस, तसाच घरी आलो आणि पडवीत उभा राहून अंगठ्याने घोडा उतरवायला गेलो. अंगठा पावसाने ओला होता. घोडा निसटला. कौलं फुटली, वासा चिरला. चार हातांवर आई तांदूळ निवडत बसली होती. नळी वरच्या बाजूला होती, हे माझं कसब नव्हतं. आईने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

रायफल येत होती म्हणून घोड्याची बंदूक येत नव्हती, आणि ते मला ठाऊकच नव्हतं. म्हणून तुला सांगतो, भरल्या बंदुकीचा घोडा अंगठ्याने उतरवायचा मोह धरू नकोस. नळीचं तोंड मोकळ्या मातीकडे ठेव, बंदूक उघड, काडतूस बाहेर काढ, मगच घोडा उतरव. चापावर बोट फक्त बार काढायच्या क्षणी. चाप ओढूनही बार झाला नाही, तर लगेच उघडू नकोस. नळी तशीच मातीकडे धरून अर्धा मिनिट मोज, दारू उशिराही पेटते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर दुसरं काडतूस घालण्याआधी नळीतून बघ, आत काही अडकलेलं असू शकतं.

पावसाळ्यात भिंतीवर टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. बाहेरून काही दिसत नाही. तसाच बार काढलास तर नळी फुटते, आणि फुटते ती तुझ्या डाव्या हाताशी.

आता अंधाराचं. आपल्याकडे माणसं जातात ती बहुधा झुडूप हललं म्हणून काढलेल्या बारामुळे. झुडपामागे डुक्कर नसतो, सोबत बसायला आलेला शेजारी असतो. बॅटरीच्या उजेडात जनावर आणि त्याच्या मागचं रान, दोन्ही स्वच्छ दिसल्याशिवाय चापाला हात लावायचा नाही. एल.जी.चा, म्हणजे मोठ्या जनावरासाठीच्या जाड छऱ्यांच्या काडतुसाचा, दाणा अर्धा किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि जांभ्याच्या गडग्यावर आपटून कुठे उसळेल ते कोणालाच सांगता येत नाही. पिकाचं नुकसान मी भोगलंय, एका रात्रीत आडवी झालेली शेतं पाहिली आहेत. तरी सांगतो, शंका आली की डुक्कर जाऊ दे.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. डुक्कर मारायचा तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांत शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आहे, तो कागदापुरता उरकला जातो असं कानावर येतं. तू तसं करू नकोस. लग्नात, शिमग्यात हौसेचा बारही नको. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून लोकांच्या जिवाला धोका होईल असा बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२०२४ च्या ऑक्टोबरात गोविंदा या अभिनेत्याच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. ते कपाटात ठेवताना हातातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. नेम धरताना माणूस सावध असतो, ठेवताना नसतो. घरात तुझी तीन वर्षांची पुतणी आहे. काडतुसं एका कुलपात, बंदूक दुसऱ्या, दोन्ही किल्ल्या तुझ्याजवळ.

तुझ्या धाडसावर माझा विश्वास आहे. रात्री एकटा शेतातल्या माळ्यावर राखणीला बसणारी पोरं आता राहिली नाहीत. पण हाताला वळण लागायला दिवस जातात, आणि ते रिकाम्या बंदुकीवरच लागतं. येत्या रविवारी सकाळी खळ्यात ये. बंदूक आण, काडतुसं घरीच ठेव. उघडायची, बघायची, मिटायची, खांद्याला लावायची, उतरवायची, एवढंच करू. दुपारी जेवूनच जा, काकीला सांगून ठेवतो.

तुझा,
काका