आईची कन्नड उजव्या मेंदूत आहे का?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय आता थोडा हलतो, पण बोलणं गेलं. आम्ही म्हणतो ते बरंचसं कळतं. नवल म्हणजे संध्याकाळी भजनाला बसलो की अख्खा अभंग आमच्याबरोबर म्हणते आणि नंतर साधं ‘चहा’ म्हणता येत नाही. माहेर बैलहोंगलकडचं, लहानपण सगळं कन्नडमध्ये गेलं. मामा भेटायला आले की ‘नीरु’ (पाणी), ‘साकु’ (पुरे) असे शब्द तोंडातून निघतात; मराठी मात्र अडकते. शेजारी सांगतात, मेंदूच्या दोन भागांचा संपर्क तुटलाय, मराठी डावीकडं आणि कन्नड उजवीकडं असते. खरं का?
– एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : भाषांची अशी वाटणी मेंदूत नसते, हे आधी सांगते. बहुतेक उजखोऱ्या माणसांत बोलण्याचं मुख्य काम डावा भाग करतो, मग भाषा एक असो की तीन. आपल्या भागात पोर घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतं, त्याच्याही दोन्ही भाषा बव्हंशी डावीकडंच नांदतात. डावा भाग उजवं अंग चालवतो. म्हणून डाव्या बाजूची रक्तवाहिनी अडली की उजवा हात आणि बोलणं एकदमच जातं. तुमच्या आईचं तसंच झालेलं दिसतं. नक्की काय ते स्कॅन पाहिलेले डॉक्टरच सांगतील.

आता संपर्काचं. बेळगावात मी एकतीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. दरवर्षी नव्या मुलांच्या हातात फॉर्मेलिनमधला मेंदू द्यायचे आणि म्हणायचे, दोन्ही अंगठे मधल्या फटीत घाला, हलकेच बाजूला करा. फटीच्या तळाशी पांढरी, घट्ट, साधारण १० सेंटिमीटर लांबीची पट्टी दिसते. तिचं नाव कॉर्पस कॅलोसम. बोटानं दाबलं तर आजूबाजूच्या भागापेक्षा चिवट लागते. तिच्यात सुमारे २० कोटी तंतू आहेत. वडगावच्या मागावरचा ताणा डोळ्यांपुढं आणा; तसे हे तंतू बहुतेक करून डावीकडची जागा उजवीकडच्या तशाच जागेला जोडतात. निरोप पलीकडं पोचायला सेकंदाचा शंभरावा भाग किंवा थोडा अधिक वेळ लागतो. काही निरोप ‘तू थांब, हे मी करतो’ अशाही जातीचे असतात.

हा पूल तुटला तर काय होतं, तेही माहीत आहे. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बोगन आणि व्होगेल या शल्यविशारदांनी औषधांना न जुमानणारी फीट एका बाजूकडून दुसरीकडं पसरू नये म्हणून काही रुग्णांची ही पट्टी कापली. रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझॅनिगा यांनी त्यांची तपासणी केली. समोर टक लावायला सांगून डाव्या बाजूला क्षणभर एक चित्र दाखवायचं. ते फक्त उजव्या मेंदूला पोचतं. ‘काय दिसलं?’ विचारलं तर रुग्ण म्हणायचा, काहीच नाही. पण त्याचा डावा हात पडद्याआड चाचपून नेमकी तीच वस्तू उचलायचा! उजवीकडं माहिती होती, ती बोलणाऱ्या डाव्या भागापर्यंत नेणारी वाट नव्हती. या कामासाठी स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं. एरवी ही माणसं हिंडत-फिरत, गप्पा मारत. म्हणजे पूल कापूनही बोलणं जात नाही. तेव्हा तुमच्या आईचा पूल तुटलाय असं मला वाटत नाही. बोलणं जुळवणारी जागाच दुखावली आहे.

मग अभंग कसा येतो? नवं वाक्य जुळवणं आणि हजारदा म्हटलेलं ओठांवर येणं, ही मेंदूला दोन निराळी कामं. चाल, ताल, पाठ झालेल्या ओळी यांत उजवा भाग बराच हात घालतो, आणि तो शाबूत आहे. भजनात तर सोबतचा सूर तिला पुढच्या शब्दावर नेऊन सोडतो. अशा रुग्णांना छोटी वाक्यं सुरात म्हणायला लावून बोलतं करण्याची पद्धतही आहे. वाचा-उपचारतज्ज्ञांना त्याबद्दल जरूर विचारा.

कन्नडचं म्हणाल, तर आल्बेर पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ मध्येच लिहून ठेवलं, की अनेक भाषा येणाऱ्याची वाचा गेली तर अंगवळणी पडलेली भाषा बऱ्याचदा आधी परतते. काहींना लहानपणीची आधी येते, पुष्कळांना दोन्ही बरोबरीनं. तुमच्याकडं मामांचं कन्नड कानावर पडल्यानं ते शब्द जागे होत असतील.

भजन बंद करू नका. तिला विचारताना ‘चहा हवा की पाणी?’ असं एका वेळी दोनच गोष्टींचं विचारा, कप आणि तांब्या समोर धरा, आणि उत्तराला पुरता वेळ द्या. शब्द तुम्ही तोंडातून ओढून घेऊ नका. मामा आले की त्यांना मराठी बोला म्हणून अडवू नका. ‘नीरु’ म्हणाली तर पाणी द्या, आणि देताना ‘पाणी’ हा शब्दही म्हणा.