पोस्टमनमधून मेनूत लिंक टाकली, २०१ आलं, तरी साइटवर दिसत नाही. काय चुकतंय?

भाऊ, तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: वरूडकडच्या एका संत्रा उत्पादक कंपनीची वर्डप्रेस साइट तुम्ही सांभाळता. पोस्टमन या विनंत्या पाठवायच्या अ‍ॅपमधून एपीआयला (बाहेरच्या प्रोग्रॅमने साइटशी बोलायचा मार्ग) नव्या लिंक पाठवल्या, दर वेळी २०१ आलं, पण साइटवरचा मेनू जसाच्या तसा आहे. शिवाय 'संत्रा'खाली 'आंबिया बहार' आणि 'मृग बहार' हे उपमेनू काही केल्या बसत नाहीत. मी आर्वीकडे अशाच छोट्या संस्थांच्या साइट बघतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

२०१ चा अर्थ एवढाच की नोंद तयार झाली. वर्डप्रेसमध्ये मेनूतली प्रत्येक लिंक ही वेगळी नोंद असते आणि तिला स्वतःचा आयडी असतो. ती नोंद एखाद्या मेनूला जोडावी लागते आणि तो मेनू थीममधल्या (साइटच्या दर्शनी साच्यातल्या) जागेला, म्हणजे वरच्या हेडरला किंवा खालच्या फूटरला, जोडलेला असावा लागतो. विनंतीत 'मेनूज' हे फील्ड (माहितीचा रकाना) राहून गेलं तर लिंक तयार होते, पण कोणत्याच मेनूत जात नाही. तुमचं बहुतेक हेच झालंय.

म्हणून काही पाठवण्याआधी वाचून घ्या. (फील्डची नावं इथे देवनागरीत देतोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर.) आधी 'मेनूज' या एंडपॉइंटला (एपीआयमधल्या त्या कामाच्या पत्त्याला) गेट, म्हणजे फक्त वाचायची, विनंती करा, मेनूंचे आयडी मिळतील. मग 'मेनू-लोकेशन्स'ला करा, हेडरच्या जागी कोणता मेनू लागलाय ते दिसेल. जुन्या साइटवर 'मेन', 'मेन न्यू', 'टॉप' असे तीन-चार मेनू पडलेले असतात आणि वापरात एकच असतो. ज्याचा आयडी लोकेशनमध्ये दिसतोय, तोच घ्या.

हे एंडपॉइंट जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.९ पासून मूळ प्रणालीतच आहेत. साइट त्याआधीची असेल तर पहिले बॅकअप घेऊन अपडेट करा. लॉगिनसाठी प्रोफाइलमधून अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड (फक्त अशा अ‍ॅपसाठीचा वेगळा पासवर्ड) काढा आणि पोस्टमनच्या 'बेसिक ऑथ' या लॉगिनच्या जागी टाका. खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं हवं, कारण मेनू बदलायला थीमच्या सेटिंगची परवानगी लागते आणि ती एडिटर दर्जाच्या खात्याला मुळात नसते. हा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणालाही पाठवू नका. काम झालं की रद्द करून टाका, मुख्य पासवर्डला त्याचा धक्का लागत नाही.

आता 'मेनू-आयटम्स'ला पोस्ट, म्हणजे नोंद करायची विनंती. साइटवरच्या पानाची लिंक असेल तर 'टाइप' मध्ये 'पोस्ट_टाइप', 'ऑब्जेक्ट' मध्ये 'पेज' आणि 'ऑब्जेक्ट_आयडी' मध्ये त्या पानाचा आयडी द्या. अशाने उद्या पानाचा पत्ता बदलला तरी लिंक तुटत नाही. बाहेरची लिंक असेल, समजा कृषी पणन मंडळाच्या बाजारभावाची, तर 'टाइप' मध्ये 'कस्टम' आणि 'यूआरएल' मध्ये पूर्ण पत्ता. 'टायटल' आणि 'मेनूज' दोन्ही वेळी द्यायचंच. पानांचे आयडी शोधताना लक्षात ठेवा, 'पेजेस' एंडपॉइंट एका वेळी फक्त १० पानं देतो. 'पर_पेज' १०० करून घ्या, त्याहून जास्त तो देत नाही.

उपमेनूचा घोटाळा 'पेरेंट' या फील्डमध्ये आहे. तिथे 'संत्रा' पानाचा आयडी चालत नाही, मेनूतल्या 'संत्रा' या नोंदीचा आयडी लागतो. समजा पानाचा आयडी ४२ आहे आणि ते मेनूत टाकल्यावर उत्तरात आयडी ३१८ आला. मग 'आंबिया बहार' पाठवताना 'ऑब्जेक्ट_आयडी' त्याच्या स्वतःच्या पानाचा आणि 'पेरेंट' ३१८. म्हणजे आधी वरची लिंक तयार करायची, उत्तरातला आयडी उतरवून घ्यायचा आणि मगच खालच्या पाठवायच्या. सोबत 'मेनू_ऑर्डर'ही द्या. नाही दिला तर सगळ्यांना १ मिळतो आणि क्रमाचा काही भरवसा राहत नाही.

आपल्याकडे नेट मध्येच जातं, त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. सेंड दाबलं, चाक फिरत राहिलं, उत्तर आलंच नाही, तर लगेच पुन्हा सेंड दाबू नका. पुष्कळदा विनंती सर्व्हरपर्यंत पोचलेली असते, परत येणारं उत्तर तेवढं हरवतं. दुसऱ्यांदा पाठवलं की 'मृग बहार' दोनदा लागतो. नेट आलं की आधी गेट करून त्या मेनूच्या नोंदी बघा, नसेल तरच पाठवा. आधीच दोनदा लागला असेल तर त्या आयडीला डिलीट पाठवा आणि 'फोर्स' ट्रू ठेवा. मेनूच्या नोंदींना कचरापेटी नसते, त्यामुळे फोर्सशिवाय सर्व्हर नकार देतो. नुसतं नाव किंवा क्रम बदलायचा असेल तर नवी नोंद करू नका, जुन्या आयडीलाच पोस्ट करा.

एक शक्यता उरते. अ‍ॅडमिनमध्ये 'अपिअरन्स'खाली 'मेनूज' नसून 'एडिटर' दिसत असेल, तर तुमची थीम ब्लॉक थीम आहे, म्हणजे सगळं पान ब्लॉक नावाच्या तुकड्यांनी जोडलेली. तिचा मेनू 'नेव्हिगेशन' या वेगळ्या एंडपॉइंटवर असतो, सगळ्या लिंक एकाच मजकुरात ब्लॉकच्या रूपात. तिथे आधीचा पूर्ण मजकूर वाचायचा, त्यात आपली लिंक घालायची आणि सगळा मजकूर परत पाठवायचा. नुसती नवी लिंक पाठवली तर बाकीचा मेनू जाईल.

आणि भाऊ, एक मनापासून सांगतो. साइट उघडणारा शेतकरी बांधावर उभा राहून, उन्हात, फोनवर बघतो. फोनवर मेनू तीन रेघांच्या बटणामागे जातो आणि उपमेनू उघडायला आणखी एकदा बोट लावावं लागतं. 'आजचे भाव' उपमेनूत ठेवू नका, 'मेनू_ऑर्डर' १ त्यालाच द्या. 'आमच्याविषयी' आणि 'संचालक मंडळ' शेवटी गेले तरी कोणाचं काही अडत नाही.

हे सगळं करूनही दिसलं नाही तर साइटची कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ करून बघा. मग 'मेनू-लोकेशन्स'चं उत्तर आणि थीमचं नाव इथे टाका, विनंतीतला ऑथरायझेशनचा हेडर मात्र काढून, त्यात पासवर्ड असतो. मी बघून सांगतो.