मोठे विचार आणि तुझी डिचोली

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. पणजीच्या कला अकादमीत विचार महोत्सवाला दिवसभर बसलीस, एआय झालं, लोकशाही झाली, हवामान बदल झाला, सगळं मन लावून ऐकलंस आणि बाहेर पडताना वाटलं की ह्यात आपलं काय काम, आपण खाणपट्ट्यातल्या डिचोलीच्या, एवढ्या विद्वान लोकांपुढे आपण काय विचारणार. हे फोनवर नीट बोलून होणार नाही म्हणून लिहितोय.

पणजीत २००८ पासून ज्यांच्या नावाने विचार महोत्सव भरायला लागला त्या डी. डी. कोसंबींकडेच बघ ना. १९०७ साली आपल्या गोव्यात जन्मले, हार्वर्डला शिकले, मुळात गणिताचा माणूस. इतिहासाकडे वळले ते जुन्या नाण्यांच्या मागे लागून. नाणं हातोहात फिरलं की झिजतं हे कुणीही सांगेल, पण किती झिजतं? ते कळायला त्यांनी आजच्या चलनातली हजारो नाणी एकेक करून तराजूत घातली, आणि मग तो हिशोब जमिनीतून निघालेल्या प्राचीन नाण्यांना लावला. जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, आपल्या कोमुनिदादींवरही, गावाची जमीन सामाईक ठेवणाऱ्या जुन्या संस्थांवरही, त्यांनी लिहिलंय, जमीन कुणाची, कसायचं कुणी, उत्पन्न वाटायचं कसं, अगदी खोलात जाऊन. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा समाज समजून घ्यायला तराजू आणि गावची जमीन लागली. तुझ्याकडे गाव आहे, हे कमी समजू नकोस.

आता तुझ्या गावचंच घे. २०१२च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या तेव्हा तू लहान होतीस, पण वाड्यावर दारादारात उभे राहिलेले ट्रक तुला आठवत असतील. नंतर २०१४च्या एप्रिलमध्ये निकाल आला, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आणि खनिज विकून येणाऱ्या पैशातले १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. ह्याच्या मागचा विचार बघ किती मोठा आहे. जमिनीतलं खनिज म्हणजे वडिलोपार्जित मिळकत, ती विकून आलेला पैसा पगारासारखा खर्च करून टाकायचा नसतो, कारण अजून जन्माला न आलेल्या पोरांचाही त्यात वाटा आहे. नॉर्वेने १९९० मध्ये तेलाच्या पैशासाठी कायदा करून असाच निधी उभा केला. जगभरचे अर्थशास्त्रज्ञ, वकील, पर्यावरणवाले ह्या गोष्टीवर वर्षानुवर्षं वाद घालतायत, आणि तो वाद तुझ्या घरासमोरच्या रस्त्यावर येऊन ठेपला होता, त्याच रस्त्यावरून रोज कॉलेजला गेलीस तू.

पण इथेच थांबू नकोस. ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता त्याला पुढच्या पिढीचा हक्क सांगून काय होणार, त्याला ह्या महिन्याचा हप्ता भरायचाय. आणि ज्याच्या शेतात खाणीची माती उतरली, विहीर आटली, त्याचं गणित आणखी वेगळं. मग १० टक्केच का, बाकीचे ९० कुणाच्या खिशात गेले, शेताची नुकसानी खनिजाच्या किमतीत धरली का? हे प्रश्न पुस्तकातून येत नाहीत ग, ते ट्रकवाल्याच्या पडवीत बसलं की येतात, आणि माझं ठाम मत आहे की समाजाच्या भविष्यावर बोलणाऱ्या कुठल्याही विद्वानाला ह्यांचं उत्तर द्यायला लागलं पाहिजे. एआयचंही तसंच, कुणी म्हणालं की एवढ्या नोकऱ्या जातील आणि तेवढ्या नव्या येतील, तर विचार की जाणाऱ्या कुठल्या गावात आणि येणाऱ्या कुठल्या शहरात.

प्रश्न छोटा ठेव. आधी आपलं पाच मिनिटांचं भाषण करून मग प्रश्न विचारणारे तू बघितलेस, तसं नको. इंग्लिश अडलं तर मराठीत नाहीतर कोकणीत विचार, बिनधास्त. जाण्याआधी वक्त्याचा निदान एक लेख वाचून जा, पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत बसायला जागा मिळते आणि तिथली माणसं शोधून देतात, १८३२ पासूनचं ते वाचनालय आहे, त्याचा उपयोग करून घे. ताळगावच्या पठारावर गोवा युनिव्हर्सिटीत बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकांचे कोर्स असतात, बाहेरच्या लोकांनाही बसता येतं, तिथे गर्दी कमी आणि बोलणं जास्त होतं, मला तर महोत्सवापेक्षा तेच आवडतं. आणि लेक्चर संपल्यावर लगेच बस पकडायला पळू नकोस, चहाच्या टेबलाशी खरं बोलणं होतं.

एक आणखी. तुझ्याशी अजिबात न पटणारं एक माणूस सोबत ने. १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला तेव्हा गोव्यात एकेका घरात फूल (विलीनीकरणाची निशाणी) आणि दोन पानं (विरोधाची) असे तट पडले होते, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही ह्यावर भाऊ भाऊ भांडले, शेवटी ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नको असा निकाल लागला. पण जत्रा एकच, देऊळ एकच, मंडपात शेजारी शेजारी बसायचंच होतं. मोठ्या प्रश्नावर कडाडून भांडायचं आणि संबंध तोडायचे नाहीत, ही सवय आपल्याकडे होती, ती आता मोबाईलवर फार लवकर सुटायला लागलीय आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं. तुझ्या मामांना घेऊन जा, खाणी पूर्ण जोरात चालू व्हाव्यात म्हणणारे. परत येताना गाडीत त्यांचं पूर्ण ऐकून घे, मधे न बोलता.

पुढच्या लेक्चरच्या दोन दिवस आधी तुझा प्रश्न मला लिहून पाठव. दोन ओळींत बसव, त्याहून लांबला तर आपण बसून कापू.

तुझा,
सर