पेशी मेल्या, आता वजनाचं बोलू

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. रत्नागिरीच्या खडपांवरून आणलेल्या स्पंज या समुद्री प्राण्याच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या प्लेटमधल्या कर्करोगाच्या पेशी मारल्या, याचा आनंद ओळीओळीत दिसतोय. अभिनंदन. त्यावर थोडं विरजण घालतो, रागावू नकोस. कच्च्या अर्काने पेशी मरणं ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्त बातमी. समुद्री नमुन्याच्या मिथेनॉल अर्कात मीठ भरपूर उतरतं, मेदाम्लंही असतात, आणि मात्रा वाढवली की दोन्ही पेशींना मारतात. तेव्हा अर्क आधी ब्युटेनॉल आणि पाण्यात विभागून घे, मीठ पाण्याच्या थरात जाऊ दे आणि प्लेट पुन्हा लाव. पेशी तरीही मेल्या, तरच पुढचं वाच.

मेलमध्ये तू आयसी-५० चे, म्हणजे निम्म्या पेशी थोपवायला लागणाऱ्या मात्रेचे, आकडे दिलेस, पण ओला स्पंज किती ग्रॅम होता ते कुठेच नाही. मला त्याचीच काळजी वाटते, आणि कारण सांगायला एक जुनी गोष्ट पुरेशी आहे.

जपानमध्ये हिराता आणि उएमुरा या रसायनशास्त्रज्ञांनी मिउरा द्वीपकल्पाजवळून हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई नावाचा स्पंज गोळा केला, थोडाथोडका नव्हे, ६०० किलो. त्यातून हॅलिकॉन्ड्रिन बी हा पेशी मारणारा रेणू मिळाला १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे वीसेक मायक्रोग्रॅम. १९८६ साली त्यांनी ते जाहीर केलं. रेणू विलक्षण होता. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या सूक्ष्मनलिकांची वाढच तो रोखतो. पण औषध करायचं तर आणायचा कुठून? पुढे न्यूझीलंडच्या खोल पाण्यातल्या दुसऱ्या एका स्पंजात तोच रेणू सापडला. तिथे टनभर स्पंज उपसला तेव्हा तीनशेएक मिलिग्रॅम हाती आलं. या हिशेबाने रुग्णांना औषध पुरवायचं म्हटलं असतं, तर समुद्राचा तळ खरवडून काढावा लागला असता.

वाट निघाली ती प्रयोगशाळेतल्या संश्लेषणातून. हार्वर्डमध्ये योशितो किशी यांच्या गटाने १९९२ मध्ये हॅलिकॉन्ड्रिन बी पूर्णपणे संश्लेषित केलं. मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. संश्लेषणाच्या वाटेवर तयार झालेले अर्धेमुर्धे तुकडेही त्यांनी फेकले नाहीत, ते तपासायला दिले. आणि कळलं की रेणूचा उजवा अर्धा भागच जवळपास सगळं काम करतो. त्या अर्ध्यावर एसाई कंपनीने वर्षानुवर्षं काम केलं आणि एरिब्युलिन हे औषध घडवलं. अमेरिकेत पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. आजही ते साठेक रासायनिक टप्प्यांनी बनतं. त्यात स्पंजाचा एक कणही नसतो. नेहमीची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे १.४ मिलिग्रॅम, एकवीस दिवसांत दोनदा. आता ते १२.५ मिलिग्रॅम आठव. सहाशे किलो स्पंजाच्या बदल्यात एका रुग्णाचे जेमतेम दोन महिने, तेही दोन्ही रेणू सारख्याच वजनाने लागतात असं धरलं तर.

त्याच्याही आधी हेच घडलं होतं. वेर्नर बर्गमान या रसायनशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ एक स्पंज गोळा केला आणि १९५० च्या दशकात त्यातून रायबोजऐवजी अरॅबिनोज साखर असलेले न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनए-आरएनएच्या घटकांसारखे रेणू, दाखवले. त्या कल्पनेवरून पुढे सायटाराबिन हे औषध आलं. रक्ताच्या कर्करोगावर ते १९६९ पासून वापरात आहे. तेही कारखान्यात बनतं. त्यामुळे माझं मत असं की स्पंजाकडून आपण रचना मागावी. माल मागायला गेलीस तर निराश होशील.

आणखी एक पेच. रेणू स्पंजातून निघाला म्हणजे तो स्पंजानेच बनवला असं नाही. हॅलिकॉन्ड्रिया ओकादाईतूनच ओकाडाइक आम्ल हा दुसरा रेणूही निघाला होता आणि नावही स्पंजाच्या नावावरूनच पडलं. नंतर कळलं की ते बनवतात डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे समुद्रातले सूक्ष्म एकपेशी जीव. स्पंज दिवसरात्र पाणी गाळत बसतो. त्याच्या अंगात काय काय राहतं याचा नेम नाही. काही स्पंजांच्या वजनाचा मोठा हिस्सा तर जिवाणूंचाच असतो. म्हणून सगळा नमुना अर्क काढण्यात संपवू नकोस. एक तुकडा उणे ऐंशीला ठेव, एक इथेनॉलमध्ये. खरा कर्ता जिवाणू निघाला, तर त्याची जनुकं शोधायला तोच तुकडा लागेल, आणि पुरवठ्याचा प्रश्न कदाचित तिथेच सुटेल.

स्पंजाची जात पक्की केल्याशिवाय अर्क वेगळा करायचा कॉलम लावू नकोस. इथेनॉलमध्ये रंग उडतो, म्हणून खडपावरून काढण्याआधीच फोटो. थोडा तुकडा ब्लीचमध्ये विरघळव, खाली उरतील ते सांगाड्याचे बारीक काटे सूक्ष्मदर्शकाखाली बघ, जात त्यांवरूनच ओळखतात. चुन्याचे काटे असलेले स्पंज वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तेव्हा परवानगीचं आधी विचार. नमुना परदेशी लॅबला पाठवायचा बेत असेल तर जैवविविधता कायद्याचंही बघ. तुझ्या गाइडना हे सगळं माहीत असेल, तरी कागद स्वतः वाच.

अर्कातले रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी एलसी-एमएस चाचणी मात्र आत्ताच करून घे, शुद्धीकरणानंतर नको. वस्तुमान कुठल्याशा जुन्या, चारवेळा छापलेल्या रेणूशी जुळलं तर सहा महिने वाचतील. त्यात कमीपणा काही नाही. या क्षेत्रात अर्काचे बहुतेक वेगळे केलेले भाग तसेच निघतात.

जून लागला की खडपांवर पाय ठेवता येणार नाही. त्याआधी एखादी अमावास्येची मोठी ओहोटी गाठ आणि त्याच जागेवर तोच स्पंज पुन्हा मिळतो का ते बघ. सगळा ओरबाडू नकोस, निम्म्याहून जास्त जागेवर राहू दे. मग मला तीनच आकडे कळव: ओलं वजन, अर्काचं वजन आणि ब्युटेनॉल थराचं वजन. आयसी-५० नंतर बघू.

तुझा,
सर