उत्क्रांती शिकवण्याला होणाऱ्या विरोधाची चिंता भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी करावी का?

होय, करायला हवी. कारण हा विरोध वरकरणी जीवशास्त्राच्या एका प्रकरणापुरता दिसला, तरी त्यामागे अनेकदा असलेला पृथ्वी काही हजार वर्षांचीच असल्याचा आग्रह मान्य केला, की युरेनियम-२३८ चे सुमारे ४४७ कोटी वर्षांचे अर्धायुष्य (त्याचे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ), खडकांच्या थरांचा क्रम आणि दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या प्रकाशाचा प्रवासकाळ हे सारेच नाकारावे लागते. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळाने १९९९ मध्ये अभ्यासक्रमाच्या निकषांतून उत्क्रांतीचा बराचसा भाग वगळला, तेव्हा पृथ्वीचे वय आणि महास्फोट सिद्धांत यांचे उल्लेखही गेले (ते २००१ मध्ये परत आले). मात्र विद्यार्थ्याची प्रत्येक शंका म्हणजे विरोध नव्हे. उत्क्रांतीचा वेग आणि तिच्या विविध यंत्रणांचे तुलनात्मक महत्त्व यांबद्दल जीवशास्त्रज्ञांमध्येही मतभेद आहेत, आणि ते वर्गात मोकळेपणाने सांगावेत.