लॅटव्हियाचा इतिहास शिकून पोट भरेल का?

सांगलीच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी इतिहास घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला. तिला एमएला लॅटव्हियाच्या राजधानीत, रिगाला जायचंय, लॅटव्हिया आणि युरोपचा आधुनिक सांस्कृतिक इतिहास शिकायला. वडील लिहितात, "देश नकाशात शोधावा लागला. याला स्कोप आहे का? कर्ज काढू का?"

सप्रेम नमस्कार.

कर्ज आत्ताच काढू नका. पण पोरीच्या डोक्यात खूळ शिरलंय, असंही समजू नका.

क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या लॅटव्हियन माणसानं १८८० साली मॉस्कोत एक कपाट बनवून घेतलं. ७० खण, प्रत्येक खणात २० कप्पे, कप्प्यांत ३ बाय ११ सेंटिमीटरच्या चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीवर एक लोकगीत, बहुतेक चार ओळींचं. त्याला दाइना म्हणतात. गावोगावची माणसं गाणी लिहून पाठवायची आणि हा गडी बाळंतपण, लग्न, शेतीकाम, मरण अशी ती लावत बसायचा. १८९४ ते १९१५ या काळात दोन लाखांहून जास्त गाणी छापून झाली. तेव्हा लॅटव्हिया नावाचा देशच नव्हता. राज्य रशियाच्या झारचं, जमिनी जर्मन सरदारांच्या. देश झाला १९१८ मध्ये, गाण्यांनंतर! पुढं १९८० च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत सत्तेविरुद्ध लोक उभे राहिले तेही गात गातच. हे कसं घडतं, हाच तुमच्या मुलीचा विषय.

हे वाचताना तुम्हाला जात्यावरच्या ओव्या आठवल्या असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या लाखावर ओव्या जमल्या आहेत.

आता पैशाचं. नुसत्या पदवीवर कुणी नोकरी देणार नाही. काम आहे ते संग्रहालयं, अभिलेखागारं, प्रकाशन, जुन्या कागदांचं डिजिटायझेशन इथं, आणि जागा थोड्या. तिकडं राहायचं तर लॅटव्हियन भाषा यावीच लागते. (भाषेची गोडी मात्र लागेल: देव म्हणजे 'दिएव्स', दिवस 'दिएना', अग्नी 'उगुन्स'.) जुनी दप्तरं बरीचशी जर्मन आणि रशियनमध्ये, त्यातलं जर्मन छापील असेल तर जुन्या वळणदार टायपात. 'रिगात शिका, युरोपात कुठंही नोकरी' म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. लॅटव्हियात राहण्याच्या परवान्यावर थेट जर्मनीत नोकरी करता येत नाही.

मी असं सुचवेन. तिला एक वर्ष द्या. जर्मन शिकू दे. सोबत आसपासच्या आज्यांकडून ५० ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून उतरवू दे. कोण गातंय, माहेर कुठलं, ओवी कुणाकडून शिकली, कुठल्या कामाला म्हणायची, सगळं लिहून सूची करायची. प्रवेश अर्जासोबत हे काम जोडलं की मार्कलिस्टपेक्षा जास्त बोलतं.

विसाव्या ओवीला कंटाळली, तर वर्षभराची जर्मन तरी पदरात पडेल. ५० पुऱ्या करून आणखी गोळा करायला निघाली, तर मला परत लिहा. तेव्हा बँकेचं बोलू.