चिन्ह, बंडखोर आणि सोसायटीतले पेव्हर ब्लॉक

विधानसभा निवडणुकीबद्दलची पत्रं साठली की मी हे सदर लिहायला बसते. प्रश्न फारसे बदलत नाहीत, पाठवणाऱ्याचा पत्ता तेवढा बदलतो. नावं आणि फ्लॅट नंबर गाळले आहेत. ज्यांनी सोसायटीच्या ठरावाची प्रत जोडली आहे त्यांना आधीच सांगते, ती प्रत आणखी कुणाला पाठवू नका. का, ते पुढे येईलच.

प्रश्न : वडिलांपासून आम्ही एकाच चिन्हाला मत देत आलो. आता एका पक्षाचे दोन झाले. खरा कोणता, ते कायद्याने सांगा. (कळवा)

तुम्हाला हवं ते उत्तर कायद्याकडे नाही. चिन्ह कुणाचं, एवढंच तो ठरवतो. ते काम निवडणूक आयोगाचं, 1968 च्या चिन्हांच्या आदेशातल्या परिच्छेद 15 खाली. त्यानुसार आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 रोजी शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला, आणि 6 फेब्रुवारी 2024 रोजी घड्याळ अजित पवार यांच्या गटाला. आमदार अपात्र आहेत की नाहीत हा वेगळा खटला. तो घटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, विधानसभा अध्यक्षांपुढे चालतो. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी 10 जानेवारी 2024 रोजी शिंदे गट हाच खरा पक्ष असं म्हटलं आणि अपात्र मात्र दोन्हीकडच्या कुणालाच केलं नाही. तिसरं दार न्यायालयाचं. 11 मे 2023 च्या निकालात घटनापीठाने सांगितलं की प्रतोद (आमदारांना पक्षादेश बजावणारा व्हिप) नेमतो तो राजकीय पक्ष, विधिमंडळातला गट नव्हे. तिन्ही दारं वेगळी, तिथले निकषही वेगळे. व्हॉट्सॲपवर मात्र तिन्हींचा एकच काला करून वाढतात.

मला राग येतो तो उशिराचा. अपात्रतेच्या याचिका 2022 च्या उन्हाळ्यातल्या, निर्णय 2024 च्या जानेवारीत. अध्यक्षांनी एरवी तीन महिन्यांत निकाल द्यावा असं सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात 2020 मध्येच म्हटलं होतं. आमदारकीची मुदत पाच वर्षांची. त्यातलं दीड वर्ष कारकून तारखा लावण्यात घालवणार असतील तर कायदा कुणासाठी आहे?

तुमच्यापुरतं सांगायचं तर मतदानाला जाण्याआधी उमेदवाराचं नाव पाहा, फोटो पाहा, मग चिन्ह. साताऱ्यात 2024 च्या लोकसभेला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि नुसती तुतारी यांत किती गल्लत झाली ते आकड्यांत दिसतं. नुसत्या तुतारीवाल्या अपक्षाला सुमारे 37 हजार मतं पडली आणि विजयाचं अंतर होतं सुमारे 33 हजार. कळव्यातून सातारा काही लांब नाही.

प्रश्न : ‘नोटा’ला सर्वांत जास्त मतं पडली तर विधानसभेची निवडणूक पुन्हा होते ना? (वाशी)

नाही. त्याखालोखाल मतं घेणारा उमेदवार निवडून येतो.

प्रश्न : एकाच नावाचे तीन-तीन उमेदवार उभे करतात. आयोग त्यांना बाद का करत नाही? (दिवा)

आईबापांनी ठेवलेलं नाव हा गुन्हा नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये अशी याचिका ऐकायलाच नकार दिला. डाव जुना आहे. 2014 ला रायगडच्या लोकसभेत सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला 9,849 मतं होती. यंत्रावर फोटो आला तो त्यानंतर. फोटो बघा.

प्रश्न : यादीत नाव नसेल तर आधार दाखवून कलम 49 अ खाली ‘चॅलेंज व्होट’ मागता येतं, आणि अशी मतं 14 टक्क्यांच्या वर गेली की फेरमतदान होतं, असा मेसेज आला आहे. खरं का? (नेरुळ)

हा मेसेज मला प्रत्येक निवडणुकीत किमान वीस जण पाठवतात, त्यांत दोन डॉक्टर आणि एक निवृत्त न्यायाधीश होते. साफ खोटं आहे. यादीत नाव नाही म्हणजे मत नाही. हातात मतदार ओळखपत्र असलं तरी नाही. चॅलेंज करतो तो उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी, समोरचा मतदार तोतया आहे असं वाटल्यावर, आणि त्यासाठी त्याला दोन रुपये अनामत भरावी लागते. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर नियम 49 पी खाली तुम्हाला प्रदत्त मत मिळतं, कागदी मतपत्रिकेवर, आणि ते पाकिटात बंद होतं. केंद्राध्यक्ष टाळाटाळ करू लागले तर नियमाचा आकडा सांगा. 14 टक्के हा आकडा कायद्यात कुठेही नाही. कुणीतरी चहा पिताना काढला असावा.

आता उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही. तुम्ही तर मतदानाच्या सकाळी शाळेच्या फाटकात उभं राहून मला फोन लावता. 1950 या मतदार हेल्पलाइनवर आज फोन करा, नाव आहे का बघा, नसेल तर नमुना 6 भरा.

प्रश्न : नाव गावाला, पाटण तालुक्यात आहे आणि कोपरखैरण्यातही आहे. भाऊबंद म्हणतात, राहू दे, दोन्हीकडे कामाला येतं. (कोपरखैरणे)

भाऊबंदांना सांगा की एकापेक्षा जास्त मतदारसंघांत मत दिलं तर सगळीच मतं बाद होतात. नोंदणीच्या अर्जात खोटी माहिती भरली असेल तर एक वर्षापर्यंत कैद आहे. गावाकडची ओढ मला कळते, माझंही माहेर घाटावरच आहे. जिथे नेहमी राहता तिथलं नाव ठेवा आणि दुसरीकडचं नमुना 7 ने काढून घ्या. दोन्ही ठिकाणी अर्ज कधी, काय लिहून केला होता ते आठवत नसेल तर आधी निवडणूक नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन विचारा, मगच सही करा.

प्रश्न : इथे बाप एका पक्षात, मुलगा दुसऱ्या पक्षात, युतीतलाच माणूस बंडखोर. पक्षांतरबंदी कायदा लागत नाही का? (बेलापूर)

तुम्ही कुणाबद्दल विचारताय ते अख्ख्या नवी मुंबईला ठाऊक आहे. 2024 ला ऐरोलीत गणेश नाईक भाजपकडून, बेलापुरात संदीप नाईक शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून, आणि भाजपच्या मंदा म्हात्रे 377 मतांनी निवडून आल्या. युतीतले बंडखोर अपक्ष दोन्ही मतदारसंघांत होते. यातलं काहीही पक्षांतरबंदीच्या कक्षेत येत नाही. 1985 चा तो कायदा निवडून आलेल्या सदस्यांसाठी आहे. तिकीट नाकारलं म्हणून उडी मारणारा साधा कार्यकर्ता त्यात सापडत नाही. विद्यमान आमदार सापडतो, म्हणूनच तो आधी राजीनामा देतो. अपक्ष म्हणून निवडून आलेला नंतर पक्षात गेला तर तोही अपात्र ठरू शकतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

आणखी एक. 377 मतांच्या निकालानंतर माझ्याकडे सल्ल्याला रांग लागली होती. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात 45 दिवसांच्या आत दाखल करावी लागते. उशीर माफ करून घेण्याची सोय तिथे नाही, एक दिवसाचीसुद्धा. एका वेगळ्या निवडणुकीनंतर एक गृहस्थ 47 व्या दिवशी सगळे कागद नीट फाइल करून, पिवळी दोरी बांधून माझ्याकडे आले होते. चहा पाजला आणि परत पाठवलं.

प्रश्न : उमेदवार भाषणात म्हणतो, गरजेपोटी (परवानगीविना) बांधलेली घरं कायम करणार. त्याचाच पक्ष सत्तेत होता तेव्हा काय केलं? त्याच्याकडून 500 च्या स्टँपपेपरवर लिहून घेतलं तर कोर्टात चालेल का? (घणसोली गावठाण)

चालणार नाही. स्टँपपेपर विकणाऱ्याचा धंदा होईल, एवढंच. जाहीरनाम्यातली आश्वासनं हा भ्रष्टाचार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटलं, आणि ती पाळायला लावण्याची यंत्रणाही कायद्यात नाही. उमेदवाराची भूमिका काय हे भाषणात शोधू नका. तो आधी आमदार असेल तर विधिमंडळाचं कामकाज छापून येतं. गरजेपोटीच्या घरांवर त्याने किती तारांकित प्रश्न विचारले, लक्षवेधी लावली का, ते काढा. अर्ज मराठीत करा, उत्तर मिळतं. भाषणातलं वाक्य आणि सभागृहातलं वाक्य शेजारी ठेवून गावकीच्या बैठकीत वाचा, तिथेच उमेदवारालाही बोलवा. प्रतिज्ञापत्रही वाचा, आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात रकाना कोरा सोडला तर अर्ज बाद होऊ शकतो. माहिती खोटी दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125 अ खाली खटला होतो. पण खोटं आहे हे ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून चालत नाही, सातबारा नाहीतर दस्ताची प्रत लागते. ती असेल तर वकिलाला दाखवा, फेसबुकवर टाकू नका.

प्रश्न : आमच्या संकुलात सहा इमारती आहेत. एका उमेदवाराने पेव्हर ब्लॉक आणि सीसीटीव्ही देऊ केले आहेत. कमिटीने सर्वसाधारण सभेत एकमताने ठराव केला की सगळी मतं त्यांनाच द्यायची. कामं तर आपल्याच इमारतीची होतायत, यात गैर काय? (घोडबंदर रोड)

ठरावाची प्रत जोडणारे हेच ते वाचक. बसा, हे जरा लांबणार आहे.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 (1) मध्ये लाच देणारा जसा आहे तसा घेणाराही आहे. मताच्या बदल्यात स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी काही घेणं, घ्यायचं कबूल करणं, दोन्ही त्यात येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 मध्येही हा गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. पैसे खिशात गेले नाहीत, जमिनीत ब्लॉक होऊन बसले, म्हणून सुटका नाही.

आता कुणी हुशार सेक्रेटरी म्हणेल, नेते तर सगळीकडे कामं करतात. बरोबर. न्यायालयानेही हा फरक केला आहे. 1968 च्या घासीराम विरुद्ध दलसिंग या निकालात एका मंत्र्याने निवडणुकीच्या तोंडावर गावांना पैसे दिले होते, तरी लाच सिद्ध झाली नाही, कारण मतांचा सौदा झाल्याचा पुरावा नव्हता. कळीचा शब्द सौदा. हा पुरावा मिळवणं फार अवघड असतं, वकिलांची हयात जाते त्यात. आणि तुम्ही काय केलंत? अमुक कामाच्या बदल्यात अमुक उमेदवाराला सर्व मतं, असं स्वच्छ अक्षरात लिहिलंत, सूचक-अनुमोदक घातलेत, सोसायटीचा गोल शिक्का मारलात. पडलेल्या उमेदवाराच्या वकिलाला यापेक्षा चांगली दिवाळीची भेट कुणी देणार नाही. सह्या करणाऱ्यांत दोन सरकारी नोकर दिसतात. त्यांनी तर आजच वेगळा सल्ला घ्यावा.

हे फक्त तुमचं नाही. मी राहते त्या सोसायटीतही मागे एकदा असे ब्लॉक आले. बिल कुणाच्या नावावर, ते कुणी विचारलं नाही. दोन पावसाळ्यांत पार्किंगच्या कोपऱ्यातले खचले, कंत्राटदाराचा फोन लागेना, आणि दुरुस्तीचा खर्च शेवटी आमच्या मेंटेनन्समधून गेला. वॉरंटी मागणार कुणाकडे? आमच्याकडे कागदच नव्हता, असता तर तो दाखवायची सोय नव्हती.

‘मत गुप्त असतं, घेऊ ब्लॉक आणि देऊ हवं त्याला’ असंही पत्राच्या शेवटी तुम्ही डोळा मारून लिहिलंय. तुमचं एकट्याचं मत गुप्त आहे, संकुलाचं नाही. निकालानंतर नमुना 20 मध्ये केंद्रनिहाय मतं प्रसिद्ध होतात. आता मोठ्या संकुलांच्या आवारातच मतदान केंद्रं येऊ लागली आहेत. म्हणजे केंद्राचा आकडा तोच जवळपास तुमच्या सहा इमारतींचा आकडा. उमेदवाराचा माणूस तो कागद घेऊन कमिटीकडे येतो, आणि मग कमिटी सभासदांकडे बघू लागते. मत न दिल्यास पार्किंग काढू, असं एका चेअरमनने ग्रुपवर लिहिलेलं मी वाचलं आहे. तो दबाव हा आणखी वेगळा गुन्हा.

घोडबंदरला रस्ता हवा, टँकर बंद व्हावेत, पाणी वेळेवर यावं, हे मागायला पूर्ण मुभा आहे. सगळ्या उमेदवारांना एकाच सभेत बोलवा आणि मागा. आपल्या फाटकाच्या आतलं काहीतरी मताला लावून मागू नका.

ठरावाचं पान फाडू नका. पुरावा नष्ट करणं हे आणखी एक प्रकरण होईल. सभा बोलवून ठराव रद्द करा, उमेदवाराला नकार लेखी कळवा. त्याआधी मूळ इतिवृत्त, सूचना आणि सह्यांचं पान घेऊन फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा. फोनवर नाही. मलाही पाठवू नका, माझ्याकडे एक प्रत आहे आणि तीच जास्त झाली.

प्रश्न : बोटाची शाई लगेच निघाली तर काय करायचं? (ठाणे पूर्व)

घरी जायचं.